साहेबांची अठरा नखं

मी नेलकटर बोलतोय. जवळ आलात तरी चालेल, पण मला हात लावू नका. लावलाच तर साबणाने दोनदा धुवा. माझ्या सांध्यात सशाचे केस अडकलेत, कानशीच्या खाचांत पिवळा थर बसलाय आणि अंगाला जो वास येतोय तो सशाच्या मुताचा आहे. मी हे गोड करून सांगणार नाही. सहा महिने झाले, माझी मलाच किळस येते.

मी जन्माचा असा नव्हतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगात तोंड बघता येत होतं. मला विकत घेतलं ते एका घड्याळजींनी. दुकानदाराने समोर दहा-बारा नेलकटरं टाकली होती. घड्याळजींनी प्रत्येकाची पाती मिटून उजेडाकडे धरून पाहिली आणि मला निवडलं. माझ्या दोन पात्यांमधून उजेडाची बारीक रेघसुद्धा येत नव्हती, याचा मला पुढे कितीतरी वर्षं अभिमान होता.

घड्याळजींचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटे. नखं म्हणजे त्यांची अवजारंच. नऊ बोटांची नखं अगदी बारीक, उजव्या अंगठ्याचं तेवढं जरासं वाढवलेलं, घड्याळाचं मागचं झाकण उचकटायला. दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की ते खिडकीत बसत, जुना कागद पसरत आणि आधी हाताची, मग पायाची नखं काढत. एखादा तुकडा उडाला तर उठून शोधत. मग कागदाची पुरचुंडी कचऱ्यात जायची आणि मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसून डबीत ठेवलं जायचं. वीस वर्षं हा नेम चुकला नाही. अशा माणसाच्या हाताखाली वाढल्यावर पुढचं सगळं मला जास्तच लागलं.

घड्याळजींचा हात थरथरायला लागला तसं दुकान बंद झालं आणि ते मुलाकडे राहायला आले. डबीत बसून मीही आलो. घरात मुलगा, सूनबाई आणि बारा वर्षांची नात. नातीला सगळे ठकी म्हणतात. या घरात नखांचे काय हाल होते म्हणून सांगू! मुलगा टीव्ही बघता बघता दातांनी नखं कुरतडतो, तुकडे सोफ्याच्या फटीत सारतो आणि त्याच ओल्या बोटांनी बिस्किट उचलतो. सूनबाई नखांना रंग लावते. रंगाखाली काय असतं ते विचारू नका.

त्यात ठकीच्या हट्टापायी घरात ससा आला. पांढरा, एका कानावर काळा ठिपका, आणि तोरा असा की दुसऱ्याच दिवसापासून सगळे त्याला 'साहेब' म्हणायला लागले. साहेब सोफ्यावर, साहेब गादीवर, आणि साहेबांच्या लेंड्या जिकडे पाहावं तिकडे. हळूहळू साहेबांची नखं वाढली. फरशीवर चालताना टकटक आवाज यायला लागला. एक दिवस ठकीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडा उठला. पुढच्या रविवारी घड्याळजी मला घेऊन खिडकीत बसणार एवढ्यात सूनबाई आली.

"बाबा, तुमचं नेलकटर द्या ना जरा. साहेबांची नखं कापायचीत."

"माझं?"

"आजच्या दिवस हो. आम्ही नवीन आणणारच आहोत."

घड्याळजींनी मला पुसलं आणि दिलं.

मुलाने मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघितला होता. त्यात दाखवल्याप्रमाणे त्याने सशाला मांडीवर उताणं केलं. साहेबांनी मागचे पाय असे झाडले की शर्टाचं बटण तुटून थेट कपाटाखाली गेलं. मग त्यांना टॉवेलात गुंडाळायचं ठरलं. चांगला टॉवेल कोण खराब करणार? खुंटीवरचा घड्याळजींचा टॉवेल काढला. टॉवेलातून एक पंजा बाहेर काढला की साहेब तो आत घेत आणि दुसरा बाहेर काढून ओरबाडत.

"अगं, नीट धर ना!"

"धरलंय! तुम्हीच कापत नाही आहात. अर्धा तास झाला नुसतं निरखताय."

"पप्पा, त्याला दुखेल हं," ठकी गाजराचा तुकडा हातात धरून रडवेली झाली होती.

चौथ्या नखाला मुलाने मला फार आत घातलं. सशाच्या नखात गुलाबी शीर असते, ती कापली गेली. रक्त आलं. सूनबाईने धावत जाऊन स्वयंपाकघरातून पीठ आणलं आणि दाबून धरलं. साहेबांनी घाबरून तिथल्या तिथे टॉवेल भिजवला. रक्त, पीठ, केस आणि मूत, सगळ्याचा लगदा माझ्या पात्यांवर बसला. तो घट्ट होत असतानाच सूनबाईने मला पुसलं. कशाला पुसलं? पडद्याला! ज्याने वीस वर्षं फक्त स्पिरिट पाहिलं, त्याला पडद्याला पुसलं.

सशाला अठरा नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. एका बैठकीत पाच-सहाच्या वर कधी झाली नाहीत. उरलेली पुढच्या रविवारी, त्यापुढची त्याच्या पुढच्या रविवारी. अठरावं नख होईपर्यंत पहिलं पुन्हा वाढलेलं. म्हणजे दर रविवारी सकाळी सगळं घर साहेबांच्या पायांशी. मी आता डबीत नव्हतो. बाल्कनीच्या दाराशी सशाच्या सामानाचा प्लास्टिकचा डबा असायचा, त्यात कंगवा आणि वाळक्या गवताच्या चुऱ्याबरोबर पडून असायचो. दारापलीकडेच, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत, घड्याळजींची कॉट होती.

दुसऱ्या रविवारी घड्याळजी आंघोळ करून, जुना कागद घेऊन आले.

"ते मोकळं झालं का?"

"अहो बाबा, ते आता सशाचं झालं," मुलगा म्हणाला. "शी! तुम्ही कसं वापरणार? नवीन आणतो."

"बरं," घड्याळजी म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली आणि आत नेऊन ठेवली.

हे 'बरं' मी नंतर चार-पाच वेळा ऐकलं. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. हाताची नखं ते आपल्या हत्यारांतल्या जुन्या कानशीवर घासायचे. पायाशी मात्र कानस धरून फार वेळ वाकणं त्यांना जमत नव्हतं. मग त्यांचं संध्याकाळी फिरायला जाणं थांबलं. बूट दाराशी धूळ खात पडले. भर उकाड्यात ते दिवसभर पायात मोजे घालून बसायला लागले.

"बाबा हल्ली जागचे हलत नाहीत," सूनबाई म्हणायची.

"वय झालं. थंडी वाजते त्यांना," मुलगा म्हणायचा.

दुपारी घर रिकामं झालं की घड्याळजी एका पायाने दुसऱ्या पायाचा मोजा हळूच ढकलून काढायचे. मला डब्यातून सगळं दिसायचं. खरं सांगतो, पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मीही तोंड फिरवलं. ज्या माणसाने मला जन्मभर चकचकीत ठेवलं त्याच्या पायाची मला किळस आली. त्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या रविवारी साहेब टॉवेलातून निसटले. खोलीभर धावले आणि घड्याळजींच्या कॉटखाली शिरले. घड्याळजी कॉटवर पाय खाली सोडून बसले होते, उघड्या पायांनी. इकडे कुणी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ठकी पालथी पडून सशामागे आत सरकली आणि आतून तिचा आवाज आला.

"ई!"

"काय गं? लेंड्या का?" सूनबाईने विचारलं.

"नाही. आजोबांचे पाय."

घड्याळजींनी चटकन पाय वर घेतले आणि चादर ओढली. चोरी सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला. "काही नाही गं. तू आपला ससा बघ," ते म्हणाले.

मुलाने चादर बाजूला केली. नखं पिवळी, जाड, दगडासारखी झाली होती. एक वळून शेजारच्या बोटात रुतलं होतं. अंगठ्याचा कोपरा मांसात घुसून पिकला होता.

"बाबा! अहो, सांगायचं ना!"

"विचारलं होतं की. तुम्ही आणतो म्हणालात."

मुलाने मला उचललं. पात्यांवरचा केस फुंकरीने उडवला आणि करंगळीच्या नखाला लावलं. सहा महिने मी याच पायाची वाट बघत होतो. सगळं बळ एकवटलं, पण घसरलो. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलो. घड्याळजींनी हात पुढे केला आणि मला घेतलं. पाती मिटून, पहिल्या दिवसासारखं, खिडकीकडे धरलं. 

"हे गेलं," ते म्हणाले. "उजेड येतोय."

मुलगा उठला. पायात चपला सरकवून बाहेर गेला. ससा कॉटखाली गाजर खात होता, ठकी रडत होती, सूनबाई पाणी गरम करायला गेली होती. घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, जुन्या सवयीने. मुलगा नवीन, मोठं नेलकटर घेऊन दारात आला, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "सात मिनिटं."

त्यात टोमणा नव्हता. ते फक्त वेळ सांगत होते. मुलगा ते पाकीट हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली फरशीवर बसला आणि बापाचा पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी अंगठा डॉक्टरांनी मोकळा केला. साहेबांची अठरा नखं आता प्राण्यांच्या डॉक्टरीण बाई काढतात, त्यांच्यापुढे साहेब मुकाट बसतात. माझं काम संपलं. आज सकाळी घड्याळजींनी मला त्या डब्यातून उचललं, स्पिरिटने पुसलं आणि कागदाच्या पुरचुंडीत बांधलं. कचऱ्याची गाडी यायची आहे.

जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या घरातही कुणीतरी 'बरं' म्हणून गप्प बसलं असेल. आज त्यांचे मोजे काढून बघा. किळस आली तर येऊ द्या, मलाही आली होती. पण 'ई' मात्र बाहेर जाऊन म्हणा आणि परत आत या.