गच्चीवरचे कडवे वाल

आईच्या मागे भावाने रोह्याचं शेत विकलं. तिथे आता कुणाचा तरी बंगला आहे. माझ्या वाट्याला आले दोन मुठी कडवे वाल. आईने ते बी तिच्या सासूकडून घेतलं होतं आणि दरवर्षी पेरून जपलं होतं. आता माझ्या डब्याबाहेर ते कुठेच उरलं नव्हतं.

एक मूठ मी गेल्या हिवाळ्यात आमच्या परळच्या इमारतीच्या गच्चीवर, विकतच्या मातीत पेरली. वेल पिवळे पडले, शेंगा धरल्याच नाहीत. मी वेलांवर चिडले, मातीवर चिडले, आणि नवऱ्यावर चिडायची सोय तर घरात असतेच.

यंदा मात्र वरच्या मजल्यावरच्या मेघनाताईंना गाठलं. त्या दादरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या.

"अगं रुपाली, तुमच्या शेतात पिढ्यान् पिढ्या वाल झाले, म्हणून तिथल्या मातीत त्यांचे जिवाणू होते," त्या म्हणाल्या. "ते मुळांवर गाठी करतात, हवेतला नत्र वेलाला देतात. पिशवीतल्या मातीत ते कुठून येणार? आणि त्या गाठींना काम करायला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस लागतं. तेही तिथे नाही."

त्यांनी जिवाणूंची काळी पूड आणून दिली. तिच्यात स्फुरद विरघळवणारे जिवाणूही होते. मातीत हाडांचं खत मिसळायला लावलं. मी गुळाच्या पाण्यात पूड कालवून उरलेल्या वालांना चोळली आणि ते स्वयंपाकघरात, सावलीला पेपरवर पसरले. संध्याकाळी पेरणार होते. तेवढ्यात डोंबिवलीहून बहिणीचा पाय मोडल्याचा फोन आला आणि मी तशीच निघाले. सासूबाईंना काही सांगितलं नाही. माझ्या गच्चीवरच्या शेतीला त्या हसतात, म्हणून मी त्यांना काही सांगतच नसे.

दोन दिवस बहिणीकडे राहून परतले, तर सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून वाल सोलत होत्या.

"इलंस? तुझ्या माहेरचे ना गो हे? कोळशात पडल्यासारखे काळे झाले होते. स्वच्छ धुतले, भिजवून मोड काढले. म्हटलं, दमून येशील, तुझ्या आईसारखं बिरडं करूया."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे बी म्हणजे काय होतं, तेही त्यांना त्या आरडाओरड्यातच कळलं. त्यांचा हात थांबला. त्यांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं.

माझा आवाज ऐकून मेघनाताईच खाली आल्या.

"सोललेले गेले," पातेल्यात बघून त्या म्हणाल्या. "पण सालासकट आहेत त्यांना नुसते मोड आलेत. ते पेरता येतील. पूड उरलीय का?"

उरली होती. आम्ही तिघींनी मोड न दुखवता एकेक वाल पुन्हा काळा केला आणि अंधार पडायच्या आत पेरून टाकला. सोललेल्यांचं बिरडं झालं, पण कुणाला ते गोड लागलं नाही.

त्या दिवसापासून सासूबाई रोज गुडघे धरत गच्चीचा जिना चढू लागल्या. कबुतरं हाकलायच्या, पाणी घालायच्या. वेल हिरवेगार झाले. मेघनाताईंनी एक रोप उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडून दाखवली, आतून गुलाबी होती, म्हणजे जिवाणू कामाला लागले होते. सासूबाईंनी त्या गाठीला चक्क हात जोडले. मला त्यांच्याबद्दल एवढी माया याआधी कधी वाटली नव्हती.

शेंगा वाळल्या, वाल निघाले, डबा भरला. सासूबाईंनी मेघनाताईंना बोलावून कुंकू लावलं आणि त्यांच्या ओटीत तांदळाऐवजी वाल घातले. एक मूठ, दुसरी, तिसरी. मी डब्यावर हात ठेवला.

"आई, बियाणं आहे ते."

"म्हणूनच देतंय. एकाच घरात ठेवलं तर माझ्यासारखी कोणीतरी सोलून बसेल. दोन घरांत असू दे."

मेघनाताई ओढणी धरून तशाच उभ्या होत्या. मी डब्यात हात घातला आणि आणखी एक मूठ त्यांच्या ओटीत घातली.