रद्द केलेली खूण

१. तळाला बसवलेला, खोली मोजणाऱ्या सोनार यंत्राचा सेन्सर: घट्ट. गळती नाही.

मिस्त्रीने नव्या यंत्राच्या तपासणीच्या कागदावर टिक केली आणि अवघडलेली कंबर सरळ केली. सुकाणूच्या खोलीत दोघांपुरतीच जागा, त्यात दादाचं पोट आडवं यायचं. दादा म्हणजे बोटीचा मालक. धक्क्यावर त्याला पाठीमागे ‘बटण’ म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्याचा सख्खा भाऊ बोटीवरून पाण्यात पडला. माणूस पडला की लाल बटण दाबायचं, यंत्र ती जागा धरून ठेवतं. दादाने ते दाबलंच नाही, असं सगळ्यांनी ठरवलं, कारण पडद्यावर खूण नव्हती. भाऊ सापडला नाही.

दादा सांगत राहिला की दाबलं होतं. भावाची बायको, घरातली धाकटी, त्याच्याशी बोलेनाशी झाली. बोललीच तर भिंतीला ऐकवायची, की अंगठा शाबूत दिसतोय, त्या दिवशी तेवढा लुळा पडला होता का.

२. खोली: यंत्र म्हणतं आठ मीटर तीस, वजन बांधलेली दोरी म्हणते नऊ वीस.

दोरी दादानेच सोडली होती. सेन्सर पाण्याखाली जितका बुडालेला, तितकाच फरक. मिस्त्रीने तो आकडा भरला आणि दोन्ही जुळले.

मग दादाने बाकाखालून टॉवेलात गुंडाळलेलं जुनं यंत्र काढलं. दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. भंगारात द्यायच्या आधी एकदा आत बघ, म्हणाला. तुझ्याच हाताने बसवलेलं आहे, तुझ्यापासून काही लपवायचं नाही.

३.

मिस्त्रीने तारा जोडल्या. खुणांची यादी रिकामी. तिच्या मागे पुसलेल्या खुणांची यादी असते, तिथवर कुणी जात नाही. तिथे एक ओळ होती.

माणूस पाण्यात. जागा: धक्का. लावली: यंत्र बसवलं तो दिवस. रद्द: चौथा दिवस, सकाळी सहा अठरा.

भाऊ पडला तो दिवस. तीच वेळ.

बटण चालतं का हे बघायला मिस्त्रीनेच ते धक्क्यावर दाबलं होतं. चाललं. खूण पुसायची राहिली. कुणीतरी हाक मारली असेल, भूक लागली असेल. आता आठवतही नव्हतं. आणि या यंत्राची खोड अशी, की एक खूण चालू असताना बटण दाबलं तर नवी लागत नाही, जुनी जाते.

दादाने दाबलं होतं.

धक्क्यावरच्या एकोणीस बोटींवर मिस्त्रीच्या हातची यंत्रं होती. त्याच्या मानेला दादाचा श्वास लागत होता.

“आहे काही?”

“काही नाही, दादा.”

“नीट बघ.”

“बघितलं. रिकामं आहे.”

दादा बाकावर बसला. अंगठा दुसऱ्या हाताने चोळत राहिला.

“मग नसेलच दाबलं मी,” तो म्हणाला. “माणसाला वाटतं. पुसून टाक सगळं.”

यंत्राने विचारलं, नक्की? मिस्त्रीने ‘हो’ दाबलं.

तोवर दादाने घरी फोन लावला होता.

“तुझं खरं होतं,” तो धाकटीला म्हणाला. पलीकडून काय आलं ते मिस्त्रीला ऐकू आलं नाही. “हो. घाबरलो मी. हो.”

४. लाल बटण: चालतं.

नव्या यंत्राचं बटण दादाने स्वतः दाबलं, दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून. यंत्र ओरडलं. मिस्त्रीने खूण पुसली, यादी उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडली. मग छापील कागदाच्या तळाशी पेनने एक ओळ वाढवली.

५. चाचणीची खूण पुसली.

“हे आधी नव्हतं,” दादा सही करता करता म्हणाला.

“नवीन आहे.”

“बरं केलंस,” दादा म्हणाला. “तुझ्यासारखं काळजीने काम करणारं कोण राहिलंय.”

तिसरी ओळ कोरी होती. तिच्याबद्दल दादाने विचारलं नाही.