सहाशे चौदा रिकामी आहे

तोलेगेनच्या पडद्यावर सहाशे चौदा नंबरची खोली सकाळपासून राखाडी दिसत होती. राखाडी म्हणजे रिकामी. मग दुपारी दीड वाजता तिथल्या संडासाची टाकी कशी भरली?

कझाकस्तानातल्या अस्ताना शहरातल्या या बारा मजली हॉटेलातली वीज, पाणी, हीटर सगळं तोच सांभाळायचा. खोलीत हालचाल नसेल तर दिवे आणि हीटर आपोआप बंद व्हावेत, ही कल्पनाही त्याचीच. विजेचं बिल उतरलं, मालक खूश झाला आणि मालकांच्या रीतीप्रमाणे त्याला लगेच आणखी हवं झालं. म्हणून सोमवारी तोलेगेनने रिकाम्या खोल्यांचं किमान तापमान सोळावरून आठवर आणलं होतं. गुपचूप. बाहेर उणे एकतीस होतं आणि सहाशे चौदात आता अकरा.

त्याने खोलीत फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुरक्षेचा प्रमुख मेइराम, पोलिसातून निवृत्त झालेला दांडगा माणूस, तोवर येऊन मागे उभा राहिला होता.

"चोर आहे," मेइराम म्हणाला. "नोंद एकाच माणसाची आहे, आणि तो सकाळी सातलाच कार्ड घेऊन बाहेर पडलाय. पोलीस वीस मिनिटांत येतील. तोवर दाराला हात लावायचा नाही."

"चोर कधी संडासला बसतो का, आगा?" तोलेगेनने वडीलधाऱ्याला विचारावं तसं विचारलं.

"पोट कुणाचंही बिघडतं."

एरवी तोलेगेन हसला असता. छतावरचा तो टिचभर डोळा फक्त हालचाल ओळखतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? झोपलेला माणूस त्याला दिसत नाही, भिंतीकडेने हळू सरकणाराही नाही. बेशुद्ध पडलेलाही नाही. त्यापुढचा विचार त्याने करायचं टाळलं आणि जिन्याकडे धावला. लिफ्टची वाट बघण्याचा धीर त्याला नव्हता.

सहाव्या मजल्यावर मेइरामने त्याला गाठलं आणि दारापुढे हात आडवा घातला.

"आत सुरा घेऊन कुणी असेल तर? आणि नसेल, तर पाहुण्याच्या खोलीत शिरलास म्हणून नोकरी जाईल."

"जाऊ दे. बाजूला व्हा, आगा."

दार उघडताच गारठा अंगावर आला. पडदे ओढलेले होते. पलंग आणि भिंत यांच्या बेचक्यात, जमिनीवर, खोलीतल्या सगळ्या पांघरुणांचा ढीग होता आणि ढिगातून लोकरी टोपीतला एक म्हातारा चेहरा वर आलेला. डोळे मिटलेले. तोलेगेन ढिगाशेजारी गुडघ्यांवर बसला.

"अपा," त्याने आजीला मारावी तशी हाक मारली. "अपा, ऐकू येतंय का?"

डोळे उघडले.

"झाला का बॉयलर दुरुस्त?" म्हातारीने विचारलं.

तोलेगेनने पांघरुणात तिचे हात शोधून आपल्या हातांत घेतले.

"रात्री उशिरा आलो आम्ही, नाव लिहायचंही राहिलं. मुलगा इस्पितळात गेलाय, माझ्या कागदांसाठी," ती सावकाश सांगू लागली. "तो गेल्यावर दिवे गेले, तेव्हाच ओळखलं मी. आमच्या गावी बॉयलर फुटला होता, तेव्हा नऊ दिवस काढले असेच. कोपरा धरायचा आणि हलायचं नाही, म्हणजे ऊब टिकते. एकदाच उठले, भिंतीला धरून हळूहळू, तेवढ्यानेही गारठले. मग फोन वाजला, पण हात बाहेर काढायचा धीर होईना."

"कुणाला तरी बोलवायचं होतं," मेइराम पुटपुटला. त्याने अंगातला कोट काढून तिच्या पायांवर टाकला.

"कशाला? तुम्ही आधीच धावपळीत असणार. लहान पोरं असतील त्या खोल्या आधी बघा. माझं चालेल."

तोलेगेन तिचे हात चोळत होता. बोटं निळी पडली होती. बॉयलर बिघडला होता असं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिने स्वतःच सबब हातात आणून दिली होती, आणि मेइरामला यातलं काडीचं कळत नव्हतं. तोलेगेनला स्वतःची लाज वाटली.

"बॉयलर चालू आहे, अपा," तो म्हणाला. "सगळं हॉटेल गरम आहे. तुमचीच खोली तेवढी बंद होती. मी केली. वाटलं, आत कुणी नाही."

म्हातारी चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग दारावर एकदा थाप मारायचीस ना, बाळा," ती म्हणाली.