मामाने ठोकलेला कंदील

मी एक जुना कंदील आहे. आता मला पाहून कुणी कंदील म्हणणार नाही, पण मित्रांनो, माझी कहाणी ऐकून घ्या. ती सगळी ठोकाठोकीची आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

जन्माने मी दूध पावडरीचा डबा. श्वानलाओच्या घरामागच्या कचऱ्यात, व्हिनेगरच्या फुटक्या बाटल्यांशेजारी गंजत पडलो होतो. श्वानलाओ लोखंडी फाटकं जोडणारा वेल्डर. ठिणग्यांनी त्याचे डोळे कायम लाल आणि पाणावलेले. आमच्याकडे चीनमध्ये नववर्षाच्या पंधरवड्यात मामाने भाचरांना कंदील द्यायचा असतो. त्याची भाची रुईरुई दरवर्षी कागदी कंदील जळून गेला की रडायची, म्हणून यंदा त्याने न जळणारा कंदील करायचं मनावर घेतलं.

त्याने माझ्यात पाणी भरून मला अंगणात ठेवलं. थंडीने त्या पाण्याचा दगड झाला, म्हणजे ठोकताना मी चेपणार नव्हतो. मग खिळा टेकवून त्याने हातोडा घातला. मी ओरडलो, पण डब्याचं कोण ऐकतं? अंगाची पार चाळण झाली. आतून नूडल्सच्या पाकिटांचा लाल कागद, वर सायकलच्या तारेची कडी, धरायला मोडक्या केरसुणीचा दांडा. मेणबत्ती लावली तेव्हा भिंतीवर लाल फुलं उमटली आणि माझं दुखणं पळालं.

रुईरुईची आई मात्र म्हणाली, "दादा, अरे हा जळणार कसा? शेवटच्या संध्याकाळी कंदील जळला नाही तर मामाचे डोळे जातात म्हणतात."

"माझे डोळे वेल्डिंगने कधीच खाल्लेत. कंदिलाला काय उरलंय?" मामा हसला. रुईरुई हसली नाही.

शेवटच्या संध्याकाळी गल्लीत पोरं जमली. कंदिलावर कंदील आपटायचा, सगळे पेटून राख होईपर्यंत, अशी इथली रीत. रुईरुईने मला गरागरा फिरवलं आणि मी एकेकाच्या चिंध्या केल्या. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. शेजारच्या कांगकांगचा सशाच्या आकाराचा कागदी कंदील भडकला, त्याची बाही होरपळली. तो चिडून म्हणाला, "तुझं पत्र्याचं भूत काही जळत नाही. फिरव आता मामाला काठी धरून."

रुईरुईचा चेहरा उतरला. तिने मला गल्लीतल्या मळणीच्या दगडी रुळावर आपटलं. मग वीट घेतली. आतला लाल कागद पेटून गेला, कडी तुटली, पण पत्रा नुसता वाकत राहिला. माझी कड तिच्या तळहातात घुसली तरी ती थांबेना. "मर ना रे," ती रडत म्हणत होती, "मर ना."

आवाज ऐकून मामा हातातली वाटी तशीच घेऊन बाहेर आला.

"मामा, हा मरतच नाही. तुझे डोळे जातील."

या वेळी तो हसला नाही. त्याने आपल्या बाहीने तिचं रक्त पुसलं. "आण इकडे. मी ठोकून केला, मीच ठोकून संपवतो." त्याने आपल्या वेल्डिंगच्या गाडीतला घण काढला आणि एकाच घावात माझी पोळी केली. "बघ, मेला. आता म्हातारपणीसुद्धा सुईत दोरा ओवीन मी."

रुईरुईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, दोन्ही डोळ्यांत नीट पाहिलं, तेव्हा कुठे तिचं रडणं थांबलं.

नंतर मामाने मला खिळे मारून कोंबड्यांच्या खुराड्याच्या भोकावर बसवलं. रुईरुई रोज सकाळी अंडी न्यायला येते. ऊन माझ्या भोकांतून आत येतं आणि कोंबड्यांच्या पाठीवर फुलं उमटतात. मित्रांनो, मी मेलेलो नाही. त्या घणाखालीही मी जिवंत होतो, फक्त हूं की चूं केलं नाही. मला सरळ करू नका, रंगवू नका, काही नको. एवढंच करा, हे तिला सांगू नका.