न घासलेली माळ

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी भिकाजी पाटील सगुणाच्या अंगणात शिरला, तेव्हा देवीची माळ ओट्यावर उन्हात ठेवलेली होती. माळ काळी पडली होती.

साल एकोणीसशे एकोणसत्तर. चेंबूरच्या पलीकडे खाडीला टेकलेल्या या कोळीवाड्यात देवीची माळ देवळात राहत नसे. दर वर्षी ती पाळीनं एका घरी जाई. राणीच्या आणि राजाच्या छापाचे जुने चांदीचे रुपये, प्रत्येकाला वर कडी, कड्यांतून ओवलेला लाल गोफ. पाळीच्या घरानं ती वर्षभर सांभाळायची, पौर्णिमेआधी चिंच आणि चुलीतली राख लावून लख्ख घासायची आणि देवीच्या गळ्यात घालायची. घर एकदा पाळीतून निघालं की पुन्हा घेतलं जात नसे.

माळ सगुणाकडे आली तेव्हा तिचा नवरा महादू जिवंत होता. शिमग्यानंतर तो काविळीनं गेला. तेव्हापासून भिकाजी तिचं घर पाळीतून काढायला निमित्त शोधत होता. ते आता ओट्यावरच पडलं होतं.

"हे काय गं?"

"माळ."

"दिसतंय मना. काळी का?"

"घासली नाय म्हणून."

पाटलाबरोबर शेवंती आली होती. पुढची पाळी तिच्या घरची. ती म्हणाली, "हात दुखत होते काय? सांगायचं, मी आले असते."

"हात बरे हायेत माझे."

भिकाजी ओट्याच्या कडेला बसला. "सगुणा, सरळ बोलतो. देवी कोपली. नवरा नसलेल्या घरात तिचा दागिना ठेवला, म्हणून हे झालं. माळ मी नेतो. उद्या शेवंती घालील. तुमचं घर पाळीतून सुटलं."

"दादा, तुझ्या घरातल्या समया काळ्या पडतात ना? खाडीची हवा, अंगणात सुकी मासळी, वर कारखान्यांचा धूर. पितळ काळं पडलं तर देवी गप्प बसते, आणि चांदीवरच कोपते काय?"

समोरच्या खांबावर उद्यासाठी लाउडस्पीकरचा कर्णा बांधायला वाड्यातला धाकू चढला होता. तो वरूनच हसला. भिकाजीनं मान वर केली, तसा धाकू पुन्हा तारेकडे वळला.

"घासली का नाय, ते सांग," भिकाजी म्हणाला.

सगुणानं एक रुपया अंगठ्यावर धरला. "ही राणी. नाक कुठं हाय दाखव."

नाक नव्हतं. गाल सपाट होता. लग्न होऊन या घरी आली तेव्हा सगुणानं सासूबरोबर हीच माळ घासली होती, तेव्हा राणीच्या कानातला डूलही दिसत होता. चिंच काळं खाते आणि राख चांदी. वर्षानुवर्षं सगळ्या घरांनी भक्तीनं राण्यांची तोंडं पुसली होती. यंदा तिनं हात आवरला. काळं खळग्यांत बसलं आणि केसांच्या उरलेल्या रेघा पुन्हा दिसू लागल्या.

"यापुढं घासणार नाय," ती म्हणाली. "आणि आता तर नायच. नीट बघ."

काळं सगळीकडे सारखं नव्हतं. काही रुपये धुरकट होते. काहींच्या कडेला खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्याच्या आत असतो तसा निळा-जांभळा रंग चढला होता. कडीचा सांधा होता तिथं हिरवट डाग होते. आणि मधोमध एक रुपया पांढरा होता. त्याच्यावर कसलाही रंग चढला नव्हता. त्याच्या अंगावर देवीच्या रोगाच्या वणांसारखी बारीक भोकं होती आणि कडेच्या उभ्या रेघा गायब होत्या.

शेवंती वाकली. "हा एकटाच कसा गोरा राहिला?"

"त्यावरही देवीची मर्जी असंल," धाकू वरून म्हणाला.

सगुणानं गोफाची गाठ सोडून दोन रुपये काढले. काळा पायरीच्या दगडावर टाकला, तो खणखणला. पांढरा बद्द वाजला.

"चिंच आण शेवंती," भिकाजी उठत म्हणाला. "घासून टाक आत्ताच्या आत्ता."

"हात लावू नको." सगुणानं माळ पदरात घेतली.

"तूच बदललंस ते नाणं."

"मी बदललं असतं तर माळ पहिली घासली असती, दादा. चिंच लावली की सगळी सारखी. चोर काय माळ काळी ठेवील?"

"गेल्या साली माळ कोणाकडं होती रे?" धाकूनं विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. माळ भिकाजीच्या घरी होती.

"त्याच्याआधी बाकीच्यांकडं होती," सगुणा म्हणाली. "कोणी केलं ते मना ठाऊक नाय. मी नाय केलं, एवढं ठाऊक हाय."

भिकाजी ओट्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक. ओवून घे आणि घास. उद्या तूच घाल देवीला. पाळी तुझ्या घराची राहील, मी बोललो. सणाला घाण नको काढू."

"पाळी माझीच हाय. ती तू कुठून देणार?"

तिनं आतून अडकित्ता आणला आणि पांढरं नाणं त्यात दाबलं. सुपारीपेक्षा सहज तुटलं. कथील होतं. काळा रुपया आणि तुटलेल्या नाण्याची सुटी झालेली कडी तिनं गोफात परत ओवली, कडी जागच्या जागी, रिकामी. दोन्ही तुकडे भिकाजीसमोर पायरीवर ठेवले. त्यानं ते उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कर्णा वाजत असताना सगुणा देवळात गेली. बायका बाजूला सरल्या. एकीनं तोंडाला पदर लावला, पण वाट कोणी अडवली नाही. तिनं काळी माळ देवीच्या गळ्यात घातली. रिकामी कडी बरोबर छातीवर आली, समोरून प्रत्येकाला दिसेल अशी.

रिवाजाप्रमाणे संध्याकाळी पुढच्या घरानं ताट घेऊन माळ न्यायला यायचं असतं. शेवंती आली नाही. माळ घेणाऱ्याला ती कडीही घ्यावी लागली असती, आणि तिच्याबद्दलचे प्रश्नही. सगुणानं दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली, मग माळ घरी आणून खुंटीला लावली, उघडी, दारातून दिसेल अशी.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत ती मागायला कोणी आलं नाही. भिकाजीनं एकदा निरोप धाडला, चिंच धाडू का म्हणून. सगुणानं उलट निरोप दिला की, धाड, आमटीत घालीन.