कड्यावरची फळी

ऐन दुपारीही धबधबा कोरडाच राहिला आणि खानावळीच्या अंगणातल्या सगळ्या माना चक्कीवालीकडे वळल्या.

वळणारच. चाळीस वर्षं कड्यावरच्या ओढ्यात फळी हलवत होती ती एकटी. फळी ओढ्यात आडवी घातली की पाणी पाटाने चक्कीला. तीच उपसून पाटाच्या तोंडाला लावली की अख्खा ओढा कड्यावरून खाली. सकाळी दळण, दुपारी धबधबा. तो बघायला येणाऱ्यांवरच तिच्या मुलाची खानावळ चालायची.

"विसरलीस ना, आई?" मुलगा म्हणाला. "उद्यापासून तू वर जायचं नाहीस. माणूस ठेवतो."

"मी विसरले? तुझा पहिला दात कोणत्या वारी पडला ते विचार मला! बाह्या अजून ओल्या आहेत, बघ. हलवली म्हणजे हलवली!"

पण पलीकडे दळण संपलेली चक्की उगाच घरघरत होती. म्हणजे पाणी पाटातच होतं. तिला काही सुधरेना. सुनेला घेऊन ती तरातरा चढण चढली.

फळी ओढ्यात आडवी. सकाळी घातली तशीच.

ती मटकन खडकावर बसली. फळी बसवायच्या दोन्ही खाचा हातभर अंतरावर. ती कधी बघायचीच नाही. हाताला लागेल तिथून फळी उपसायची, दुसरीत ठोकायची. आजही तसंच केलं होतं. मग फळी काय पाय फुटून परत आली?

"अहो आई," सून चाचरत म्हणाली, "तुमच्या आधी मी हलवली होती."

"म्हणजे मी ती... परत..." चक्कीवालीच्या कपाळाची शीर उडाली. "तुला कुणी सांगितलं होतं गं, शहाणे?"

"गेल्या महिन्यात दोनदा तुमच्याकडून राहिली. ह्यांना कळू नये म्हणून मी रोज मागून येऊन बघते. आज तुम्ही खालीच गुडघा धरून बसला होतात. वाटलं, येत नाही तुम्ही."

"कोणते दोन दिवस?"

"एक मंगळवार. आणि एक तुम्ही गुडघा शेकलात तो दिवस."

"मंगळवारी याच फळीचं कुसळ गेलं होतं माझ्या हातात!"

"ते सोमवारी, आई. सुईने मीच काढलं."

चक्कीवालीने तळहात उन्हात धरला, उलटासुलटा केला. खूण नव्हती. सोमवार, मंगळवार... रागवायचं होतं, पण राग कुणावर काढायचा तेच कळेना. सुनेवर, की तळहातावर?

सुनेने फळी उपसून पाटाच्या तोंडाला लावली. पाणी क्षणभर घुटमळलं आणि कड्यावरून कोसळलं. खालून टाळ्या आल्या.

"ह्यांना काय सांगू?" सुनेने विचारलं.

"सांग, फळी अडकली होती." गुडघ्यावर हात देऊन ती उठली. दोन पावलं गेली, थांबली. "आणि उद्यापासून चोरासारखी मागून येऊ नकोस. माझ्या पुढे चाल. फळी तू हलव. मी हात लावून बघेन."