चाळीस मीटरचं वेटोळं

कानबाबा रस्त्यावर पालथे पडले, तसा चौकातला गलबला एकदम बंद झाला. तीनेकशे माणसं टाचा उंचावून बघत होती. बाबांनी उजवा कान डांबराला लावला, डोळे मिटले आणि डोक्याला गुंडाळलेला पांढरा रुमाल हलकेच सारखा केला.

"बोल माते," ते पुटपुटले. "टाकीवरची मोटर कुणी नेली? तुझी लेकरं तहानलीत."

लेकरं खरंच तहानली होती. मोटर नाहीशी होऊन चार दिवस झाले होते, नळाला टिपूस नव्हता आणि टँकरपुढे रोज कुणाची ना कुणाची झोंबाझोंबी होत होती.

"ऐकतोय, माते... पहाटेची वेळ. हातगाडी. जड ओझं. टाकीपासून निघाली, उताराला लागली... आणि थांबली." बाबांनी डोळे उघडले. "सायकलवाल्याच्या दारात!"

गर्दीतून "अरे देवा!" असा एकच आवाज उठला.

बाबांच्या उजव्या कानाला नुसतं डांबर लागलं होतं. खरं काम डावा कान करत होता. रुमालाखाली, त्यात शेंगदाण्याएवढं यंत्र होतं. आणि त्या यंत्रातून बोलणारी धरणीमाता समोरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीपाशी चहा घेऊन बसली होती. धरणीमातेला मिशा होत्या, आणि ती बाबांच्या बायकोचा धाकटा भाऊ होती.

हा भाऊ एक्स्चेंजात केबलचा टेक्निशियन होता. रस्त्याखालच्या केबलजवळ कुणी खणायला लागलं तर आधीच कळावं, म्हणून कंपनीनं एक्स्चेंजात एक पेटी बसवली होती. केबलभोवतीची जमीन हादरली की पडद्यावर रेघ उमटायची; किती मीटरवर आणि किती वाजता, तेही दिसायचं. माणूस चालत गेला की तिरकी रेघ, गाडी गेली की उभट. अकरा वर्षांत त्याच्या कामाबद्दल कुणी चकार शब्दानं विचारलं नव्हतं. एका दुपारी दाजी डबा द्यायला आले आणि म्हणाले, "मेव्हणे, हे रंगीबेरंगी काय हो?" झालं, गडी फुलून गेला आणि सगळं सांगून बसला.

तीन धंदे बुडवलेले दाजी महिन्याभरात कानबाबा झाले. सुरुवातीला फुटलेली पाइपलाइन सापडली, लोकांचं भलंच झालं. ताईच्या घरी पुन्हा दोन वेळची चूल पेटू लागली. मग नाही म्हणायला मेव्हण्याची जीभ रेटेना.

आत्ताही त्यानं पेटीत साठवलेली चार दिवसांपूर्वीची पहाट उघडली होती. हातगाडीची रेघ टाकीपाशी सुरू झाली होती आणि बाराशे ऐंशी मीटरवर संपली होती. नकाशात बाराशे ऐंशीला सायकलचं दुकान. तेच त्यानं फोनवर सांगितलं.

खाली गर्दी हलली. खिडकीतून दुकान दिसत नव्हतं, पण पडद्यावर सगळं दिसत होतं. शेकडो पायांचा जाड पट्टा उतरत गेला, एका जागी थांबला आणि तिथे ठिणग्यांसारखे ठिपके उडू लागले. घाव. दुकान फुटत होतं.

त्यानं आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. घाव बाराशे ऐंशीला नव्हते. तेराशे वीसला होते.

लोक तर सायकलच्या दुकानापुढेच उभे होते. म्हणजे पेटीच्या हिशेबानं दुकान तेराशे वीसला होतं. म्हणजे हातगाडी तिथवर गेलीच नव्हती. चाळीस मीटर अलीकडेच थांबली होती.

आणि मग त्याला ते वेटोळं आठवलं. उतारावरच्या चेंबरमध्ये, पुढेमागे जोडायला लागेल म्हणून, चाळीस मीटर जादा केबल गुंडाळून ठेवली होती. त्यानं स्वतःच्या हातांनी. पेटी केबल मोजते, रस्ता मोजत नाही. वेटोळ्याच्या पुढचा प्रत्येक आकडा नकाशावर टाकताना चाळीस मीटर वजा करायचे, हे तो साफ विसरला होता.

त्यानं तेव्हाच धावत जायला हवं होतं. तो गेला नाही. ठिपके थांबेपर्यंत तसाच बसून राहिला, आणि हे त्याला पुढे जन्मभर खात राहिलं.

दुपारी तो मोजायची टेप घेऊन गेला. सायकलच्या दुकानाच्या चाळीस मीटर अलीकडे जळक्या मोटरींच्या वाइंडिंगचं दुकान होतं, मालक आजारी म्हणून तीन दिवस बंद. शटरच्या फटीतून त्यानं बॅटरी मारली. आत मोटर होती, वर पाणीपुरवठ्याची चिठ्ठी बांधलेली. पाणीपुरवठ्याच्या फिटरला फोन लावला, तर रजेवर गेलेला तो फिटर म्हणतो कसा, "अहो, जळली होती, पहाटे वाइंडिंगवाल्याला उठवून मीच टाकली की! ऑफिसात निरोप ठेवला होता. नाही मिळाला?"

संध्याकाळी त्यानं दाजींना सगळं सांगितलं. दाजींनी शांतपणे पान उलटावं तसं उत्तर दिलं. "त्यात काय? उद्या म्हणू, चोरानं माझ्या भीतीनं माल तिथे नेऊन टाकला."

"दाजी, त्याचं दुकान फोडलंय लोकांनी. तो गाव सोडून निघालाय."

"मग तुम्ही सांगा खरं! नोकरी जाईल तुमची. आणि तुमच्या बहिणीनं काय करायचं?"

बहीण दारात उभी होती. तिनं भावाच्या नजरेला नजर दिली नाही.

सकाळी चौक पुन्हा भरला. कडेला, सायकलवाल्याच्या घरापुढे, टेम्पोत त्याचं सामान चढत होतं. बाबा पालथे पडले. "बोल माते."

माता गप्प.

"बोल, माते!" बाबांचा आवाज चिरकला.

"दाजी, उठा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "धरणीमाता इथे उभी आहे."

टेक्निशियन पुढे आला. बाबा सावरायच्या आत त्यानं रुमाल ओढला, कानातलं यंत्र काढलं आणि पुढच्याच एका आजींच्या हातात देऊन कानाशी धरायला लावलं. मग दूर जाऊन फोनमध्ये हळूच म्हणाला, "आजी, ऐकू येतंय?"

"अगं बाई! हा तर याचाच आवाज!" आजी किंचाळल्या.

मग त्यानं सांगायला घेतलं. "केबलमध्ये केसासारखा काचेचा धागा असतो. त्यात प्रकाश सोडला की थोडा थोडा परत येतो. जमीन हादरली की धागा कणभर ताणतो आणि परत येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं आला त्यावरून जागा कळते. एवढंच. हादरा कुठे, केव्हा. कुणाचा, ते त्या धाग्याला कळत नाही, आणि यांच्या कानाला तर काहीच कळत नाही. खोटं वाटत असेल तर त्यांना नदीपलीकडे न्या. तिथे केबल नाही. बघा धरणी बोलते का."

"पण सायकलवाल्यानंच मोटर—"

"कुणीच चोरली नाही. वाइंडिंगवाल्याच्या शटरमधून बघा. माझं मोजमाप चुकलं. चूक माझी, आवाज माझा. हातोडे तेवढे तुमचे होते."

माणसं शटरकडे धावली. जाताना धावली तेवढ्या जोरात परत मात्र कुणी आलं नाही. बाबा केव्हा सटकले ते कुणाला कळलंही नाही.

टेक्निशियन टेम्पोपाशी गेला. सायकलवाला पंक्चर काढायचं घमेलं हातात धरून उभा होता. त्याचा तळ फुटला होता.

"काका, माझं चुकलं. मी नोकरीवर पाणी सोडलंय. तुम्ही म्हणाल ते—"

"ट्यूब कुठे गळते ते कळायला मी ती पाण्यात घालून बघतो," काका म्हणाले. "रोज. बुडबुडा दिसल्याशिवाय ठिगळ लावत नाही." त्यांनी घमेलं उलटं करून भोकातून त्याच्याकडे बघितलं. "तुझी पेटी दूरवरचं ऐकते म्हणतोस. मोटरपासून मी चाळीस मीटरवर होतो, पोरा. तीनशे माणसं आली माझ्या दारात. तू तर माझ्याच दुकानात सायकल शिकलास. एकानं तरी विचारायचं, 'काका, तुम्ही नेली का हो?'"

परत आलेली माणसं खाली मान घालून उभी होती.

काका टेम्पोत चढून बसले. टेम्पो निघाला आणि उताराला लागला. वर एक्स्चेंजच्या रिकाम्या खोलीत, पडद्यावर, एक रेघ चेंबरपर्यंत आली, पुढे गेली, आणि कुठेही न थांबता केबलच्या शेवटाशी संपली.